फळ्यावरून कापडावर

आता सुवर्णमहोत्सव आलेली आपली शाळा सोडताना माझ्याकडे दोनच गोष्टी धड होत्या, इतिहासाचे मार्क आणि अक्षर. त्यातल्या अक्षराचं श्रेय माझं नाही. दारातल्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम चित्रकलेच्या सरांनी आठवीत माझ्या गळ्यात घातलं, ते दहावीपर्यंत सुटलं नाही. सुतळी खडूच्या भुकटीत घोळवायची, दोन टोकं ताणून मधे टिचकी मारायची की सरळ रेघ उमटते, ही युक्ती त्यांचीच. एखादा काना तिरका गेला तर ओलं फडकं फिरवून सगळा फळा पुसायचे. तेव्हा त्यांचा रागच यायचा.

पुढे बी. ए. झालं आणि १९९५ साली एम. ए.साठी मी धारवाडला कर्नाटक विद्यापीठात गेले. घरी कुणाला हे फारसं पटलं नव्हतं. ‘बी. ए. झालं की, आणि काय शिकणार आहेस?’ हे बाबांचं वाक्य. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला सकाळची पॅसेंजर धरायची, लोंढा, अळणावर करत धारवाड गाठायचं, एवढाच काय तो प्रवास. पण आमच्या घरातली कुठलीही मुलगी तोवर लोंढ्याच्या पुढे एकटी गेली नव्हती.

विद्यापीठ टेकडीवर आहे. झाडी भरपूर, इमारती दगडी आणि ऐसपैस. पहिले काही आठवडे मी लेडीज हॉस्टेल, वर्ग आणि ग्रंथालय या तिन्हीत तोंड मिटून फिरले. शाळेत कन्नड विषय होता, पण पास होण्यापुरता. धडा वाचता यायचा, पण मेसमध्ये ‘अजून थोडी आमटी वाढा’ म्हणायची हिंमत होत नव्हती. वर्गातली व्याख्यानं इंग्रजीत असल्यामुळे तिथं निभावलं. खरी पंचाईत व्हायची ती वर्ग सुटल्यावर, सगळे घोळक्यानं चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला निघाले की.

ही कोंडी फुटली ती अक्षरामुळे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका कार्यक्रमाचा फलक लिहिणारा मुलगा आजारी पडला. वहीतलं माझं अक्षर खोलीतल्या मैत्रिणीनं पाहिलं होतं. ती गदगकडची, बोलायला धीट. तिनं परस्पर माझं नाव देऊन टाकलं. फलक अर्थातच कन्नड. संध्याकाळी आमच्या खोलीत जमिनीवर मांजरपाट अंथरलं, चपटा ब्रश आणि निळ्या रंगाचा डबा आला आणि आमची शिकवणी सुरू झाली.

देवनागरी लिहिणाऱ्याचा हात वरच्या रेघेवर विसंबून असतो. शिरोरेषा ठरली की अक्षरं तिला टांगायची. कन्नड अक्षराला तशी सलग रेघच नाही. बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर आपापला लहानसा तुरा असतो, त्याला तलकट्टू म्हणतात, आणि बाकी सगळं अंग गोलाईचं. शिवाय जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लोंबतं, ते ओत्तक्षर. म्हणून दोन ओळींच्या मधे जागा राखावी लागते, नाहीतर वरच्या ओळीची ओत्तक्षरं खालच्या ओळीच्या डोक्यावर बसतात. मैत्रीण हे सगळं पेन्सिलीनं दाखवत होती, मी ब्रशनं गिरवत होते. रात्री उशिरापर्यंत खोलीत मुली जमत गेल्या. जिला तिला मत होतं. मी किती बोलले आणि कोणत्या भाषेत, ते मलाच कळलं नाही.

त्यानंतर विद्यापीठात काहीही असलं की कापड आमच्या खोलीत. युवक महोत्सवाचा पडदा असो, रक्तदान शिबिर असो की पाहुण्यांचं स्वागत असो. फलक लिहिणाऱ्या माणसाला सगळे विभाग ओळखतात, शिपायांपासून प्राध्यापकांपर्यंत. प्राध्यापकांपेक्षा शिपाई जास्त कामाचे, हे लवकरच कळलं.

त्याच डिसेंबरात देशभर पल्स पोलिओची पहिली फेरी झाली, ९ डिसेंबर १९९५ ला. तीन वर्षांखालच्या सगळ्या बाळांना एकाच दिवशी डोस द्यायचा होता. पोलिओचा विषाणू माणसाच्या आतड्यात वाढतो. सगळ्या मुलांना एकदम डोस मिळाला की त्याला तग धरायला जागा उरत नाही, म्हणून ही घाई. सेवा योजनेच्या आमच्या तुकडीला अळणावरच्या पलीकडे, खानापूरच्या हद्दीलगतचं गाव मिळालं. फलक मी दोन्ही लिप्यांत लिहिला होता. पण तिथं फलकापेक्षा तोंडाचं काम जास्त निघालं. घरोघर फिरणारी आमची मुलं कन्नडमध्ये सांगत होती आणि उंबऱ्यातल्या बायका पदर सावरून आत जात होत्या. मी पुढे झाले, मराठीत बोलले. ‘काकू, बाळाला घेऊन देवळाकडं या की, तोंडात थेंबच घालतात, सुई नाही’ एवढं म्हटल्यावर एक म्हातारी म्हणाली, ‘अगं, आपल्यातलीच हाय की ही!’ दुपारपर्यंत देवळासमोर रांग लागली. मग उलटंही करावं लागलं. बायकांच्या शंका डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगायच्या. ताप आलेल्या पोराला डोस चालतो का, गेल्या महिन्यातच दिला होता, परत कशाला. माझं कन्नड त्या दिवशी व्याकरणात बसणारं नक्कीच नव्हतं. डॉक्टरांना कळत होतं, बस.

२० जानेवारीच्या दुसऱ्या फेरीला त्याच गावात माझी वाट बघत होते.

सेवा योजनेत वर्षाचे १२० तास भरायचे असतात. ते कधी भरले हे मी मोजलंच नाही. परीक्षेत मला पहिला वर्ग मिळाला, पण धारवाडनं काय दिलं असं कुणी विचारलं तर मार्कलिस्ट काढावीशी वाटत नाही. तिथं एकदा आमच्या वॉर्डनबाई म्हणाल्या होत्या, ‘बेंद्र्यांच्या घरी मराठी बोलायचे, ठाऊक आहे ना?’ द. रा. बेंद्रे, १९७३ चं ज्ञानपीठ मिळालेले कन्नड कवी. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवून मराठी कथा लिहीत राहिले. आपल्या भागातल्या मुलांना भाषेची धास्ती घालणारे खूप भेटतात. त्यांना ही दोन नावं सांगावीत.

आता बेळगावलाच राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, २०१० पासून. मुलं सकाळी बसनं जातात आणि संध्याकाळी घरी जेवायला हजर. सोय चांगलीच झाली. तरी मला वाटतं, हॉस्टेल मिळत असेल तर घ्यावं, आणि पहिल्या वर्षी जे कुणी हातात देईल ते काम करावं, खुर्च्या लावायचं असलं तरी.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या कमानीवर फ्लेक्स लावायचं ठरतंय, असं कानावर आलं. माझं म्हणणं, मधला मोठा फलक तरी कापडावर हातानं लिहू या, मराठीत आणि कन्नडमध्येही. रंग आणि ब्रश मी आणते. मांजरपाट शाळेनं द्यावं, नववीतली चार मुलं मदतीला द्यावीत. त्यातलं एक तरी कन्नड नीट येणारं असू दे, माझी ओत्तक्षरं तपासायला.