अलिबाग–काशीद सायकलवर: मुरूडपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ नका

समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असं अलिबाग–मुरूडबद्दल इतकं ठामपणे सांगितलं जातं की सकाळी दोघांनी निघायचं, मुरूडला जेवायचं आणि संध्याकाळी परत यायचं असा बेत सहज ठरतो. निवांत दिवस हवा असेल तर हा बेत साफ चुकीचा आहे. मुरूड एका बाजूने सुमारे 50 किमी आहे. काशीद सोडलं की फणसाडच्या डोंगराची सोंड ओलांडून नांदगावला उतरावं लागतं, आणि उतरलेला प्रत्येक मीटर परतताना भर उन्हात चढायचा असतो. काशीदलाच वळा. जाऊन-येऊन साठ-पासष्ट किमी होतात, दोघांना भरपूर.

अलिबाग ते रेवदंडा, 17–18 किमी, सोपं आणि सुंदर. फक्त नागाव-चौलच्या वाड्यांतून रस्ता अरुंद आहे, दोन्हीकडे गडगे आणि आंधळी वळणं. शनिवार-रविवारी नऊच्या आत हा भाग मागे टाका. रस्त्यावर पडलेल्या झावळीवरून सायकल नेऊ नका. तिचा हीर चाकात अडकला की मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत) ओढला जातो आणि हँगर, म्हणजे डिरेलर चौकटीला जोडणारी पट्टी, वाकतो. दोघांच्या सायकली वेगळ्या असतील तर एकाचा हँगर दुसऱ्याला बसत नाही, म्हणून ज्याचा त्याने जवळ ठेवावा. ट्यूबचंही तेच. पंप एक पुरतो, पण तो दोघांच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हला लागतो का हे घरीच बघा.

खाडीवरच्या रेवदंडा–साळाव पुलावर बाजूला जागा नाही आणि अवजड गाड्या असतात. पुलाचे सांधे तिरके कापू नका, पुढचं चाक सरळ ठेवून ओलांडा. पुढे कोर्लई, बोर्ली, मग काशीद. किनाऱ्याजवळ डांबरावर वाळू येते. तिथे वळताना ब्रेक दाबायचा नाही, वेग आधीच कमी करायचा. 28 मिमी टायरमध्ये साधारण 75 पीएसआय हवा पुरे. 100 भरली तर खडबडीत डांबरावर मनगटं भरून येतात आणि वेग काही वाढत नाही.

आता वारा. या रस्त्यावर दमवतो तो हाच, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. हिवाळ्यात सकाळी तो जमिनीकडून येतो, जाणवतही नाही. जमीन तापली की अकराच्या सुमारास समुद्रावरून वायव्येचा सुटतो आणि दिवस कलेपर्यंत थांबत नाही. परतीची दिशा उत्तरेची, म्हणजे तो समोरून, डाव्या अंगाने लागतो. सकाळी ताशी 22 किमीचा वेग आरामात ठेवणारा दुपारी 15 वर येतो, आणि खाडीवरच्या पुलावर तर आडोसाच नाही. म्हणून साडेसहाला निघा आणि दहाला काशीद सोडा. तिथे पाण्यात उतरून बाराला निघालात तर दिवस वाया.

दोघं असाल तर वाऱ्यात पाळीपाळीने पुढे राहा, म्हणजे मागच्याला आडोसा मिळतो. डावीकडून येणाऱ्या वाऱ्याचा खरा आडोसा पुढच्याच्या मागे उजवीकडे मिळतो, पण ती जागा रहदारीत जाते. ती घेऊ नका. सरळ मागे राहा, अर्धा मीटर अंतर ठेवा, थोडा कमी आडोसा मिळाला तरी चालेल. दर किलोमीटरच्या दगडाला पुढच्याने मागे बघून डावीकडे सरकावं आणि वेग सोडावा. मागच्याने त्याच वेगाने पुढे यावं. नव्या उत्साहात वेग वाढवला की जोडीदार सुटतो आणि दोघंही एकेकटे वाऱ्याशी झगडत बसतात. खड्डा दिसला की हात दाखवा, ओरडाही. वाऱ्यात नुसता आवाज ऐकू जात नाही.

मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला येणार असाल तर सायकलचं तिकीट खिडकीवरच काढा. धक्क्यावर कुणी सायकल चढवायचे वेगळे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा; रॅम्पवरून ती हाताने ढकलत नेता येते. मात्र मांडवा ते अलिबाग आणखी 20 किमीच्या आसपास आहे. तेवढं जोडून काशीद एका दिवसात निवांत होत नाही. मग रेवदंड्यालाच वळा, नाहीतर अलिबागला मुक्काम करा.

घरी पोचल्यावर त्याच रात्री साखळी आणि ब्रेकचे बोल्ट गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडे करा, साखळीला तेल द्या. खारा थर रात्रभर राहिला तर सकाळी कड्यांवर तांबूस गंज दिसतो.