आमची वाटचाल: उंचीच्या आधी लो गिअर

आमचं वर्कशॉप फोंडा तालुक्यात, उसगावच्या अलीकडे आहे. बाबांनी ते सुरू केलं तेव्हा समोरच्या रस्त्यावर दिवसभर खनिजाचे ट्रक धावत, आणि आमच्याकडे यायच्या त्या खाणींवरच्या जीपगाड्या. कमानपाटे बदलणं, क्लच प्लेट, ट्रान्सफर केसचे बेअरिंग, हे रोजचं काम. लाल चिखलाच्या चढावर गाडी का अडते, उतारावर ब्रेक का जळतात, हे आम्ही दोघे भाऊ शाळेत असल्यापासून बघत आलो. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि आमचं आवार बघता बघता रिकामं झालं. मधे खाणी थोड्या हलल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. खाणीच्या भरवशावर घर चालवायचं नाही, हे बाबांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

मग गिऱ्हाईक बदललं. कुळागरवाले (सुपारी-नारळाच्या बागांचे मालक) येऊ लागले, सत्तरीतले काजू बागायतदार येऊ लागले. २०१४ पासून भर पावसात गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखल-जंगलातली गाड्यांची स्पर्धा व्हायला लागली, तेव्हा स्पर्धेसाठी जिप्सी बांधून मागणारी पोरं दारात उभी राहिली. या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "गाडी किती उंच होईल?"

आम्ही उलट विचारतो, गाडी किती हळू चालते? आमच्या कामाचा सगळा भर यावर आहे. ओल्या चिऱ्यावर किंवा व्हाळातल्या (ओढ्यातल्या) गोट्यांवर चाक सावकाश चढलं पाहिजे. पहिला गिअर लांब, म्हणजे जास्त वेगाचा, असेल तर ड्रायव्हरला दोनच वाटा उरतात: क्लच अर्धा दाबून जाळायचा, नाहीतर वेग घेऊन गाडी आदळायची. दोन्हींत नुकसान त्याचंच. जिप्सीच्या लो रेंजमध्ये (सगळे गिअर आणखी सावकाश आणि जोरकस करणारा जादा गिअर) वेगात साधारण २.२७ पट घट मिळते, म्हणून ती बिचारी एवढ्याशा इंजिनावर कुठेही जाते. ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगनला चारी चाकांना ताकद असते, पण बहुतेकींना लो रेंज नसते. अडचण तिथे आहे.

आम्हाला सगळ्यांत जास्त शिकवलं ते एका फॉरेस्टरने. सुबारूची ही वॅगन भारतात शेव्हर्लेच्या नावाने विकली जायची. वाळपईकडच्या एका बागायतदारांनी ती जिवापाड जपली होती आणि त्यांना तीच गाडी पोफळीत न्यायची होती. त्या पिढीच्या मॅन्युअल फॉरेस्टरला इंग्लंड-ऑस्ट्रेलियात लो रेंजचा गिअरबॉक्स मिळायचा. त्याची घट १.४४७, म्हणजे जिप्सीपेक्षा बरीच कमी, पण ती मुख्य गिअरांच्या आधी बसते, त्यामुळे सगळ्या गिअरांना मिळते. तसा बॉक्स शोधून मागवायचं काम माझ्या पत्नीने केलं. आमच्याकडे पार्ट आणि हिशेब तीच बघते.

बॉक्स आला म्हणून लगेच चढवायचा नसतो. सुबारूच्या गिअरबॉक्सच्या पोटातच पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गिअरांचा संच) असतं आणि मागचं वेगळं. दोघांचं गुणोत्तर, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, एकच हवं. एक ४.१११ आणि दुसरं ४.४४४ निघालं तर पुढची आणि मागची चाकं सतत एकमेकांशी भांडतात, आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं मधलं व्हिस्कस कपलिंग तापून मरतं. कागदावर काय लिहिलंय त्यावर माझा भाऊ विश्वास ठेवत नाही. त्याने मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली, प्रोपेलर शाफ्टवर खडूने रेघ मारली, मी दोन्ही चाकं एकदम एक पूर्ण फेरा फिरवली, आणि तो शाफ्टचे फेरे मोजत बसला. चाराच्या पुढे रेघ किती सरकते ते बघायचं. पुन्हा फिरवलं, पुन्हा मोजलं. आलेल्या बॉक्सच्या पुढच्या बाजूशी ते जुळलं, तेव्हाच जुना बॉक्स खाली उतरला. टायरचंही तसंच. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. एक नवा नि तीन जुने, असं आम्ही या गाड्यांना चालू देत नाही.

सस्पेन्शनला हात त्यानंतर. या गाडीला चारी बाजूंना स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) आहेत. वर नुसते स्पेसर घालून बॉडी उचलली की ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढतात, रबरी बूट फाटतात, आणि आमची लाल माती एकदा आत शिरली की जॉइंट संपलाच. म्हणून आम्ही ४० मिलिमीटरवर थांबलो आणि सस्पेन्शन धरणारी खालची सबफ्रेमही तेवढीच खाली घेतली. मागचं चाक पुढून धरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ट्रेलिंग आर्मच्या, ब्रॅकेटलाही स्पेसर दिले, नाहीतर चाक कमानीत पुढे सरकून बसतं. अलाइनमेंट शेवटी नव्याने केलं.

दिसायला क्षुल्लक, पण पावसाळ्यात गाडी वाचवणारं काम म्हणजे ब्रीदरची, डिफरन्शियलला श्वास घेऊ देणाऱ्या भोकाची, नळी. तापलेलं डिफरन्शियल गार व्हाळात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ होतं, बेअरिंग जातात. नळी वाढवून बॉनेटखाली उंच नेली की विषय मिटला. खर्च किरकोळ. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपवाल्यांना हे सांगावं लागत नाही, शहरातल्या गाडीवाल्यांना आवर्जून सांगावं लागतं.

कायद्याचंही आम्ही आधीच बोलून घेतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे उंची नि गिअरबॉक्सची कामं आम्ही फक्त स्पर्धेच्या आणि खासगी बागायतीतल्या गाड्यांवर घेतो. त्या गाड्या आमच्याकडे येतात-जातात त्या ट्रेलरवरून. ही अट ऐकून काही लोक परत गेले. जाऊ देत. दुसऱ्याच्या पोरांच्या जिवाशी खेळून आम्हाला वर्कशॉप वाढवायचं नाही.

हल्ली डस्टर बऱ्याच येतात, २०१४ पासून विकलेल्या ऑल-व्हील-ड्राइव्ह. हिच्यात लो रेंज बसवा, असा आग्रह होतो. आम्ही नाही म्हणतो. तिचा पहिला गिअर कंपनीनेच मुद्दाम आखूड ठेवलेला आहे, आणि मागच्या चाकांना ताकद देणारं कपलिंग चिखलात फार वेळ घसरलं की तापतं. वर आणखी जोर लादला तर आधी तेच जाणार. तिला खालून जाड पत्र्याचं कवच, चांगले शॉकअप, ब्रीदरची नळी आणि बरे टायर एवढं पुरतं. मालकाला शेजारी बसवून भाऊ आमच्या मागच्या चढावर तिला पहिल्या गिअरमध्ये सावकाश चढवून दाखवतो, आणि मगच कामाचा अंदाज लिहून देतो.