हाली रुपया पुन्हा ग्रेडिंगला पाठवू की नको?

हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातला, हिजरी १३३० चा चारमिनारवाला रुपया माझ्याकडे आहे. भाच्याने तो परदेशातल्या एका लिलावात घेऊन दिला आणि ड्यूटी भरून, बिलासकट तो परभणीला आला. ग्रेडिंग, म्हणजे नाण्याची अवस्था तपासून आकडा देणं, तिकडेच झालेलं होतं. नाणं सीलबंद केलेल्या प्लॅस्टिकच्या डबीवर, स्लॅबवर, ग्रेड एयू ५८, म्हणजे जवळजवळ न वापरलेलं, फक्त सगळ्यात उंच भागांवर किंचित घासलेलं नाणं. मला तो रुपया पहिल्या दिवसापासून न वापरलेलाच वाटत होता, म्हणजे एमएस ६१, कदाचित ६२. तेव्हा तो पुन्हा तपासायला पाठवावा का, हा विचार सुरू झाला.

मराठवाड्यात जुन्या लोकांना हाली आणि कलदार हा फरक सांगावा लागत नाही. १९४८ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे आपले पाच जिल्हे निजामाच्या राज्यात होते. इथे चालायचा तो हाली. इंग्रजांचा कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा. हाली ११.१७८ ग्रॅमचा आणि ८१.८ टक्के चांदीचा. म्हणून शंभर कलदारांना साधारण एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत.

आपल्याकडे हे रुपये भरपूर सापडतात, पण चांगले फार थोडे. दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राखेने घासून लख्ख केलेले, हळदीकुंकवात राहिलेले, हारात ओवण्यासाठी कडीचा टाका मारलेले, लमाणी बायकांच्या दागिन्यांत शिवलेले. हे सगळं प्रेमानेच झालेलं आहे. पण ग्रेडिंग कंपनी घासलेल्या किंवा टाका मारलेल्या नाण्याला आकडा न देता ‘डिटेल्स’ असा शेरा मारते. म्हणून मूळ झळाळी शाबूत असलेला हाली हातात आला की माणूस हरखून जातो. मीही हरखलो होतो, आणि आजही त्या रुपयाकडे बघताना तसंच वाटतं.

ग्रेडचा हा आकडा येतो अमेरिकेतल्या डॉ. शेल्डन यांच्या पद्धतीतून. १९४९ साली त्यांनी अमेरिकेच्या ‘लार्ज सेंट’ या जुन्या तांब्याच्या नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचवली. पुढे पीसीजीएस ही ग्रेडिंग कंपनी १९८६ मध्ये आणि एनजीसी ही दुसरी १९८७ मध्ये सुरू झाली आणि ती मोजपट्टी सगळ्या जगाच्या नाण्यांना लागली. ५८ आणि ६० यांच्यामध्ये एक भिंत आहे. अलीकडे वापरलेलं नाणं, पलीकडे न वापरलेलं. गंमत अशी, की एमएस ६० वर घासल्याची खूण नसली तरी ओरखड्यांनी ते कुरूप असू शकतं, आणि देखणं एयू ५८ संग्राहक त्याहून आनंदाने घेतात. म्हणजे एक-दोन आकडे वाढले म्हणून किंमत वाढेलच असं नाही.

नांदेडला एक ज्येष्ठ संग्राहक आहेत, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. रुपया घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ट्यूबलाइट बंद केली, टेबलावरचा एकच दिवा ठेवला आणि स्लॅब हळूहळू कलता करत फिरवायला लागले.

“गुरुजी, मिनाराच्या टोकाकडं बघा,” ते म्हणाले. “आजूबाजूची झळाळी फिरती का, अन् टोकावर येऊन थांबती का?”

“टोकावर थोडं मंद दिसतंय.”

“मंद आहे, पण मळकट राखाडी आहे का? घासलं की टोक राखाडी पडतं, बाकी चांदी चमकायलीय तरी. अन् ठसा कच्चा बसला की टोक नीट उमटतच नाही, तरी त्याच्यावर बी तीच चमक असती.”

खरं काम हेच आहे आणि ते फोटोवर होत नाही. कच्चा ठसा म्हणजे टांकसाळीत साच्याचा दाब कमी पडलेला, तो नाण्याच्या वापराचा दोष नव्हे. ग्रेडर दोन्हींत फरक करतात, पण प्रत्येक नाण्याला त्यांच्याकडे फार वेळ नसतो. आम्ही भिंगातून चारही मिनारांची टोकं एकेक करून पाहिली. तीन टोकांवर चमक अखंड होती. चौथ्यावर, उजवीकडच्या, बारीकशी राखाडी छटा होती. भाऊ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी असतो तर मी बी अठ्ठावन्नच दिला असता. कुणी एकसष्ट दिला तर भांडणार नाही.”

आणखी एक मोह होता. हिजरी १३३० चे रुपये दोन तऱ्हेचे मिळतात. चारमिनारच्या मधल्या दरवाजात उस्मान यांच्या नावाचं उर्दूतलं पहिलं अक्षर, ‘ऐन’, असतं. काहींवर ते अर्धं आहे, काहींवर पूर्ण. माझ्या लेबलवर हा भेद नोंदलेला नाही. पुन्हा पाठवताना तोही लिहून घेता येईल, असं मनात होतं.

पाठवायच्या वाटा साधारण दोन. एक, नाणं स्लॅबमध्ये ठेवूनच फेरतपासणी मागायची. दुसरी, स्लॅब फोडून नाणं नवं म्हणून पाठवायचं. दुसऱ्या वाटेत ग्रेडिंग कंपनीची जुनी हमी त्या क्षणी संपते. पुन्हा ५८ येईल, ५५ येईल किंवा घासल्याचा शेराही येईल, आणि तक्रारीला जागा नसते. उजव्या मिनाराची ती छटा बघितल्यावर ही वाट मी बाजूला ठेवली.

राहिली पहिली. एका व्यापाऱ्याकडे फी, टपाल आणि विमा विचारला. तो म्हणाला, बॅगेत घालून माणसाबरोबर परदेशी पाठवून देऊ, कुणी विचारत नाही. तेव्हा मी कायदा काढून वाचला, आणि उत्तर तिथेच मिळालं.

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा कमी नसलेलं नाणं ही पुरावस्तू आहे. ती केंद्र सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या यंत्रणेनेच देशाबाहेर न्यायची. इतरांनी नेली तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. हिजरी १३३० म्हणजे १९११-१२. ग्रेडिंगपुरतं पाठवून परत आणणार, हा हेतू असला तरी नाणं देशाबाहेर जातंच. माझा रुपया परदेशातून आला होता, म्हणून तो परत तसाच जाऊ शकेल असंही नाही.

मला हा कायदा जाचक वाटत नाही. आपल्या पाच जिल्ह्यांच्या व्यवहाराची साक्ष असलेलं नाणं एका आकड्यासाठी कुणाच्या बॅगेतून, बिनकागदाचं पाठवायचं हे मला पटूच शकलं नाही. भाऊंना फोनवर सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, “बरं झालं विचारलंत.”

हाली असणाऱ्यांनी तारखेकडे आधी बघावं. ही शंभराची रेघ दरवर्षी पुढे सरकते. हिजरी १३४३, म्हणजे १९२४-२५, पर्यंतचे रुपये आता तिच्या आत आले आहेत.

हाली रुपया आहे तसा ५८ च्याच स्लॅबमध्ये राहील. पूर्ण ऐनची नोंद मी माझ्या वहीत केली आहे आणि दरवाजाचा जवळून घेतलेला फोटो बिलाबरोबर ठेवला आहे. माझ्याकडे १९४४ चा लाहोर टांकसाळीचा एक कलदारही आहे. युद्धाच्या काळातला म्हणून त्यात चांदी निम्मीच, पण झळाळी काठापर्यंत अखंड आहे आणि त्याचं ग्रेडिंग अजून झालेलं नाही. त्याला अजून शंभर वर्षं झालेली नाहीत. असं नाणं पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतं. त्यासाठीचा अर्ज आणि फोटो तयार ठेवले आहेत, आणि तो कागद हातात पडल्यावरच तो रुपया पाठवणार आहे.