निर्माल्याचा कौल

आमच्या देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरेने आलेल्या सभासदांच्या, यादीत माझं नाव नाही. बायकांची नावं त्या यादीत येतच नाहीत. नियमावलीच तशी आहे, आणि म्हातारी माणसं तिला अजून पोर्तुगीज शब्दाने कोंप्रोमिस म्हणतात. म्हणून पुढे जे सांगणार आहे त्यातले सगळे अर्ज माझे, अक्षर माझं आणि सही आमच्या ह्यांची. सर्वसाधारण सभेत अर्ज वाचला त्यांनीच. मी बाहेर सभामंडपाच्या पायरीवर बसून ऐकत होते आणि एका ठिकाणी ते अडखळले तेव्हा खिडकीतून शब्द सांगितला.

आमचं गाव अंत्रुजात, म्हणजे गोव्याच्या फोंडा तालुक्यात, खांडेपार नदीपासून फार लांब नाही. 23 जुलै 2021 चा पूर आम्ही दारात उभं राहून पाहिला. जुनी माणसं 1982 ची आठवण काढत होती. देवीची तळी भरून वाहिली आणि तळाशी वर्षानुवर्षं साचलेलं सगळं वर आलं. हारांचे नायलॉनचे दोरे, अगरबत्तीची पाकिटं, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट टाकलेलं निर्माल्य. पाणी उतरल्यावर ते अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या आवारातल्या यात्रेकरूंच्या खोल्यांच्या, पायऱ्यांवर चिकटून राहिलं. ते काढायला आम्ही चार बायका गेलो होतो. आपण देवीला काय काय वाहिलं ते त्या दिवशी हातात घेऊन पाहिलं.

तरी मी काही केलं नाही. दोन वर्षं गेली. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती, घराघरात तोच विषय. ते विझून महिनासुद्धा झाला नव्हता तोवर आमची चैत्रातली जत्रा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळामागे जेवणाच्या पत्रावळींचा ढीग पेटवला गेला. कागदाच्या, आतून चंदेरी मुलामा असलेल्या. तो धूर थेट गर्भकुडीत, म्हणजे गाभाऱ्यात, शिरत होता. त्या संध्याकाळी मी पहिला अर्ज लिहिला.

अर्ज वाईट होता. चार पानं, त्यातली तीन हवामान बदलावर. सभेत अध्यक्षबाब म्हणाले, "हें सगळें बरें, पण करायचं काय?" त्यांचं बरोबर होतं. मी बीएस्सी आहे आणि आम्हा लोकांना आधी कारण सांगायची खोड असते. दुसरा अर्ज अर्ध्या पानाचा लिहिला. एक, निर्माल्य तळीत टाकायचं नाही, त्याचं खत करायचं. दोन, जत्रेच्या समाराधनेला, म्हणजे जेवणावळीला, मुलाम्याच्या पत्रावळी आणायच्या नाहीत. बस्स.

दुसरा मुद्दा मिनिटात मंजूर झाला, कारण थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे आणि देवस्थानला दंड नको होता. मुलाम्याचा कागद त्या बंदीत बसतो का यावर थोडी खडाजंगी झाली, ती मी मिटू दिली नाही. पहिल्या मुद्द्यावर मात्र सगळे गप्प झाले. मग एक वयस्क महाजन म्हणाले, "देवीला वाहिलेलं आपण कुजवायचं? आधी कौल घ्या."

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे देवीच्या मूर्तीला भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या लावतात, भटमाम, म्हणजे पुजारी, गाऱ्हाणं घालतात आणि पाकळी कुठल्या बाजूची पडते ते पाहतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी सुकली की सुटते, हे मलाही कळतं. पण लग्न, घर, शेत, ऑपरेशन, सगळ्याला कौल घेणाऱ्या गावात तळीसाठी कौल नको म्हणणारी मी कोण?

पहिल्या वेळी विचारलं, "तळीत निर्माल्य घालणं बंद करावं का?" चाळीस मिनिटं काहीच नाही, मग डावी. विरोध करणाऱ्या महाजनांचा चेहरा मला अजून आठवतो. मी घरी येऊन चिडले, ह्यांच्यावर उगाच ओरडले. चार दिवसांनी देवळात गेले तर भटमाम स्वतःहून म्हणाले, "बाई, देवीला 'बंद करू का' असं विचारू नये. काय करायचं ते तिला विचारावं. काय करू नये ते आपणच ठरवायचं असतं." त्यांनी गाऱ्हाणं नव्याने बांधलं. देवीचं स्वतःचं कुळागर, म्हणजे बागायत, आहे, सुपारी, नारळ, मिरवेल सगळं तिच्याच नावावर. मग तिला वाहिलेलं फूल तिच्याच झाडांच्या मुळाशी घातलं तर चालेल का?

पंधरा दिवसांनी कौल लावला. दहा मिनिटांत उजवी पडली.

मी देवीचे आभार मानले, भटमामांचेही मानले. कोणाचे जास्त ते सांगत नाही.

मग सरकारी भाग. गोव्यात देवस्थानं पोर्तुगीज काळातल्या 1933 च्या नियमांखाली चालतात आणि तालुक्याचा मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो. अंदाजपत्रकाला त्याची मंजुरी लागते. आमच्या अंदाजपत्रकात नंदादीपाचं तेल होतं, पालखीची दुरुस्ती होती, नाटकाचा पडदा होता. खताची टाकी नव्हती. नवीन खातं घालून फाइल पाठवली ती परत आली. चूक आमचीच, दरपत्रकं जोडली नव्हती. चिरेकाम करणाऱ्या तिघांकडून दर आणले, तिघांनीही व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, ते कागदावर शिक्क्यासकट मिळवण्यात तीन आठवडे गेले. खजिनदारांनी टाकीचं खातं 'कुळागर देखभाल' खाली घातलं. हुशार माणूस.

टाक्या दोन बांधल्या, चिऱ्यांच्या, मध्ये हवेसाठी फटी ठेवून. एक भरत असते तेव्हा दुसरी मुरत असते. खाली फणसाची आणि काजूची सुकी पानं, वर निर्माल्य, वर शेणकाला, पुन्हा पानं. कागदावर हे फार सोपं दिसतं.

पहिली टाकी सपशेल फसली. जून महिना, वर छप्पर नाही, फुलं आधीच ओली, त्यात पाऊस. आठव्या दिवशी असा वास सुटला की प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका पदर नाकाला लावून चालू लागल्या. कुळागर कसणाऱ्या माणसाने अध्यक्षबाबांना सांगितलं की बाईंनी तळीतली घाण माझ्या माडाखाली आणली. आणि खरं म्हणजे तो जितकं समजत होता त्याहून वाईट होतं. पाणी साचून हवा कोंडली की ढीग कुजतो आणि मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट उष्णता धरतो. म्हणजे हवामानासाठी म्हणून मी चार पानं लिहिली आणि देवळामागे मिथेनची भट्टी लावली.

ती टाकी उपसली. हातमोजे घालून, मी आणि आमच्या बचतगटातल्या दोघी. वर विणलेल्या चुडतांचं, म्हणजे माडाच्या झावळ्यांचं, छप्पर घातलं. निर्माल्याइतकंच सुकं, म्हणजे पानं आणि नारळाच्या सोडणाचा भुसा, हे प्रमाण कडक ठेवलं. दर आठ दिवसांनी खालीवर करायचं काम त्या कुळागरवाल्यालाच दिलं, देवस्थानच्या पगारावर. तेव्हापासून त्याची तक्रार नाही. अडीच-तीन महिन्यांत काळं, मोकळं, मातीचा वास येणारं खत मिळालं.

सगळ्यात जास्त वेळ दोऱ्यांनी खाल्ला. रोजांचे हार, म्हणजे झेंडूचे, बाहेरून येतात ते नायलॉनमध्ये ओवलेले. एकेक हार कापून दोरा काढायचा. दारातल्या फुलवाल्या बायकांना सांगितलं तर एक म्हणाली, "बाई, अबोलीची फाती मी केळीच्या दोऱ्यातच करते, आजही. झेंडू मी ओवत नाही, तो तयार येतो." खरंच होतं. आता देवळाच्या दारात पाटी आहे, सुटी फुलं घ्या. निम्मे लोक घेतात. उरलेल्यांसाठी कात्री खिळ्याला टांगलेली आहे.

जत्रेच्या जेवणाचं वेगळंच महाभारत. माझा आग्रह स्टीलच्या ताटांचा. आचारी म्हणाला, "चैत्रात विहिरीला पाणी किती असतं ते बघितलंय का?" बघितलं नव्हतं. गेले, पोहरा सोडला, दोर जवळजवळ संपला. आमच्या लहानपणी त्या विहिरीचं पाणी चैत्रातही वर असायचं. सातशे माणसांची ताटं त्या पाण्यात धुणं म्हणजे वेडेपणा होता. शेवटी पोफळीच्या विरीची, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या रुंद बुडख्याची, ताटं घेतली, थोडी महाग पडली. केळीची पानं वाड्यावरच्या घरांतून गोळा केली. स्टील फक्त पेल्यांना ठेवलं. पेले आले शेजारच्या वाड्यावरच्या चॅपेलकडून. त्यांच्या फेस्ताला, म्हणजे चॅपेलच्या सणाला, ते वापरतात आणि एरवी पेटीत असतात. तिथली माझी मैत्रीण सांगते की पोप फ्रान्सिस यांचं 2015 चं 'लाउदातो सी' हे पर्यावरणावरचं पत्र त्यांच्याकडे प्रवचनात बरेचदा वाचलं गेलं, पण प्लास्टिकच्या पताका प्रत्यक्षात बंद झाल्या त्या क्लबच्या पोरांनी कापडाच्या शिवल्या तेव्हा. दोनशे पेले दिले आणि बजावलं, "मोजून परत." एकशे अठ्ठ्याण्णव परत केले. दोन अजून शोधते आहे.

पंचायतीला पत्र द्यावं लागतं हे बऱ्याच देवस्थानांना माहीतच नाही. तेव्हाच्या, 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे शंभरापेक्षा जास्त माणसं परवाना नसलेल्या जागी जमणार असतील तर कामाचे तीन दिवस आधी कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा होता. पत्र दिलं, सचिवांनी पोच दिली, ठरल्या सकाळी गाडी आली. देवळामागे त्या वर्षी काही पेटलं नाही.

फसलेलं तेही सांगते. पाण्याच्या बाटल्या. मुंबईहून आणि बेळगावहून येणारे महाजन कळशीतलं पाणी पीत नाहीत, आणि त्यांच्या देणगीवर पालखी चालते. कळशा भरून, वर स्वच्छ फडकं बांधून ठेवल्या होत्या, शेजारी पेले. लोकांनी त्यातून पाय धुतले. जत्रेनंतर अकरा पोती बाटल्या निघाल्या. अध्यक्षबाबांनी मला ती पोती दाखवली, काही बोलले नाहीत.

सभेचं इतिवृत्त परवा वाचायला मिळालं. त्यात लिहिलंय की निर्माल्याची योजना 'एका महाजनांच्या अर्जावरून' राबवण्यात आली. आमचे हे ते घरी वाचून दाखवत होते आणि हसत होते. मी म्हटलं, हसू नका, बाटल्यांचा अर्ज लिहून ठेवलाय, त्यावर सही करा.