पीककर्ज वडिलांचं, शैक्षणिक कर्ज माझं

मुलींचं शिक्षण मोफत झालंय, मग तुला कर्ज कशाला लागतं, असं मला गावात अजूनही विचारतात. म्हणून आधी तेच सांगते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं, तेही कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला नंबर लागला असेल तर. होस्टेल, मेस, लॅपटॉप, एसटीचं भाडं यातलं काहीच त्यात येत नाही. मी वसमत तालुक्यातून नांदेडला बी.टेक.ला गेले तेव्हा फी माफ होऊनही चार वर्षांचा खर्च साडेतीन लाखांवर जात होता.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल हे सगळं बारावीच्या निकालाआधीच सेतूतून काढून ठेवलं होतं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्जही सुरळीत गेला. ज्यांना वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी भत्त्याच्या योजना आहेत : ओबीसींना सावित्रीबाई फुले आधार, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम्, अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. जी लागू असेल तिचा अर्ज कराच. पण ते पैसे मागाहून येतात आणि मेसचे आधी भरावे लागतात. म्हणून बँक.

आणि बँकेत सगळं अडलं.

सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीच्या अतिवृष्टीत आमचं सोयाबीन पाण्यात गेलं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पीककर्ज त्याच्या आधीपासून थकलेलं होतं. दरसाल नवं-जुनं करायचे, म्हणजे जुनं भरून लगेच नवं उचलायचे, पण कर्जमाफी होणार म्हणून गावातल्या निम्म्या लोकांसारखे तेही थांबले होते. मी शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज भरून कागदांची फाइल घेऊन शाखेत गेले. साहेबांनी फाइल उघडलीच नाही. अण्णांचा आधार नंबर टाकून स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "आधी मागचं भरा, मग पोरीचं बघू."

पुढे दर वेळी नवीन कारण. एकदा म्हणे तुमचं गाव आमच्या शाखेला दत्तक नाही, म्हणजे शाखेला नेमून दिलेल्या गावांत नाही. एकदा म्हणे सातबारा तारण लागेल. मग सरकारी नोकरीतला जामीनदार आणा. अर्जाची पोच मागितली तर आवक-जावक बघणाऱ्या बाई म्हणाल्या, साहेब सांगतील तेव्हाच शिक्का मारते. माझी फाइल पासबुक छापायच्या मशीनशेजारी रबरबँड लावलेली तशीच पडून असायची. अण्णा एवढं मोठं माणूस, पण त्या टेबलासमोर चोरासारखे उभे राहायचे. त्याचा राग अजून गेलेला नाही.

दत्तक गाव, सातबारा, जामीनदार यातलं एकही कारण नियमात बसत नव्हतं, हे मला नंतर होस्टेलमधल्या एका सीनियर ताईने समजावलं. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, तिसरा जामीनदार लागत नाही आणि आपल्या पदरचा हिस्साही घालावा लागत नाही. दत्तक गावाचं कारण शैक्षणिक कर्जाला चालत नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना कळवलेलं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, अर्ज नाकारायचा तर त्याला वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते आणि कारण विद्यार्थ्याला कळवावं लागतं. तोंडी "नाही" म्हणून वाटेला लावता येत नाही.

सहकर्जदाराची, म्हणजे माझ्यासोबत कर्जाची जबाबदारी घेणाऱ्या अण्णांची, थकबाकी बघण्याचा बँकेला हक्क आहे, हे मला मान्य आहे. पण मग अण्णांऐवजी आईला सहकर्जदार करता येईल, एवढं एक वाक्य सांगायला काय लागत होतं? आईच्या नावावर एक रुपयाचं कर्ज नाही. बचत गटातला तिचा बचतीचा हप्ता कधी चुकलेला नाही. हे त्या शाखेत आम्हाला कुणीच सुचवलं नाही.

शेवटी मी कागदावरच उतरले. अर्ज नव्याने भरला, सहकर्जदार म्हणून आईचं नाव टाकलं. सोबत पत्र लिहिलं : कर्ज नाकारत असाल तर कारण आणि संमती देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद लेखी द्यावं. पत्र रजिस्टर पोस्टाने शाखेला पाठवलं आणि त्याची प्रत बँकेच्या विभागीय कार्यालयाला. विभागीय कार्यालयातून फोन गेला असावा, कारण नंतर शाखेतूनच मला फोन आला, "ताई, आईला घेऊन या, सह्या करायच्या आहेत." तेच टेबल, तेच साहेब. त्या दिवशी मात्र आईला बसायला खुर्ची मिळाली. मला त्या पत्राचा अभिमान आहे.

तुम्हाला शाखेकडून उत्तरच आलं नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी लागत नाही, वकील लागत नाही. माझ्यावर तिथवर जायची वेळ आली नाही.

बँकेत जायच्या आधी घरातल्या सगळ्यांचे सिबिल अहवाल, म्हणजे कुणाचं कर्ज किती आणि थकलंय का याची नोंद, काढून बघा, हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. कुणाला सहकर्जदार करायचं ते घरीच ठरवून जा, टेबलासमोर उभं राहून नाही.

महाडीबीटीचे पैसे तुमच्या आधारशी एनपीसीआयमध्ये (बँकांमधले पैसे वळते करणाऱ्या संस्थेत) जे खातं जोडलेलं असेल त्यावर येतात. शाळेत असताना उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर ते आधी बदलून घ्या.

आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदानाचं शाखेत स्वतःहून विचारा. कॉलेज आणि कोर्स त्यात बसत असेल तर शिक्षणाची वर्षं अधिक एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि दावा शाखेलाच टाकावा लागतो. आमच्या शाखेने तो आपण होऊन टाकला नव्हता. मी दर वर्षी मार्कशीट द्यायला जाते तेव्हा दावा टाकला का ते विचारते, आणि पोच घेतल्याशिवाय निघत नाही.