पाऊस बघायला हजार किलोमीटर

मे महिना लागला की मस्कतमधल्या, म्हणजे ओमानच्या राजधानीतल्या, घरांतले गीझर बंद होतात, आणि तेही आंघोळीला गार पाणी मिळावं म्हणून. पाण्याच्या टाक्या गच्चीवर, गच्चीवर दिवसभर ऊन, त्यामुळे साध्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं. त्यापेक्षा घरात, एसीच्या गारव्यात बसलेल्या बंद गीझरमधलं पाणी पुष्कळ बरं. म्हणजे उन्हाळाभर लाल खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा गरम. पाहुण्यांना हे आधी सांगायचं राहिलं की बाथरूममधून आरोळी ऐकू येते.

आखातात राहणं कसं असतं, असं भारतातून कुणी विचारलं की त्यांना टॉवर, मॉल आणि सोनं अपेक्षित असतं. टॉवर इथे जवळपास नाहीतच. पांढऱ्या, बुटक्या इमारती, त्यांच्यामागे गवताचं पातंही नसलेले तपकिरी डोंगर आणि पुढ्यात समुद्र, असं हे लांबट पसरलेलं शहर आहे. मॉल आहेत, पण त्यांचा आम्हाला मुख्य उपयोग उन्हाळ्यात सकाळी चालायला. आम्हा नवरा-बायकोचं वर्ष पारा ठरवतो. भाजी कधी आणायची, कुणाकडे जेवायला जायचं, भांडण झालं तर रागावून फेरी मारायला बाहेर पडायचं की बाल्कनीत उभं राहायचं, सगळं पाऱ्यावर.

ऑक्टोबर ते मार्च आम्ही बाहेरच असतो. शुक्रवारी पहाटे डबे भरायचे आणि निघायचं. कधी वादी शाब नावाच्या दरीतल्या हिरव्या डोहांकडे, कधी सूर शहरात लाकडी गलबतं बांधतात ती जागा बघायला, कधी निझव्याच्या शुक्रवारच्या बकरी बाजाराला. हा बाजार बघाच. खरेदीदार गोल करून बसतात-उभे राहतात आणि विकणारे आपापली बकरी घेऊन त्या गोलात चकरा मारत ओरडून भाव सांगतात. आपल्याकडे बाजारात जनावर जागेवर आणि माणसं फिरतात, इथे उलटं. एप्रिलात जबल अखदर या डोंगरावर गुलाब फुलतात, गावकरी गुलाबपाणी काढतात. तिथे जायला फोर बाय फोर गाडी लागते, नाहीतर पायथ्याच्या चौकीवरून पोलीस सरळ परत पाठवतात. ही वर्षातली शेवटची सहल. मग मे येतो आणि दार बंद.

मस्कतचा उन्हाळा म्हणजे आमच्या कोकणातला पावसाळा समजा. बाहेर पडायचं नाही, पडलंच तर कामापुरतं, आणि घरात बसून काहीतरी तळत राहायचं. कधी घर्बी सुटतो, म्हणजे वाळवंटाकडून येणारा कोरडा, भाजणारा वारा, तर कधी समुद्राकडून दमट हवा येते आणि रात्री दहा वाजता गाडीतून उतरलं तरी चष्म्यावर धुकं धरतं. २०१८ च्या जूनमध्ये इथून जवळच्या कुरय्यात गावात पारा रात्रीसुद्धा ४२.६ अंशांच्या खाली उतरला नव्हता. किमान तापमान सांगतेय मी, कमाल नाही. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. ही बंदी पाळणाऱ्यांचंही काम साडेतीनला पुन्हा सुरू होतं, आणि साडेतीनला ऊन संपलेलं नसतं. एसीत बसून उन्हाळ्याच्या गोष्टी लिहिणाऱ्या माझ्यासारखीने हे निदान एकदा तरी लिहायला हवं.

या दिवसांत संध्याकाळची करमणूक म्हणजे करक चहा. दुकानासमोर गाडी लावायची, हॉर्न वाजवायचा, आतून एखादा मल्याळी मुलगा धावत येतो, काचेतून ऑर्डर घेतो. वेलदोडा घातलेला, आटवलेला चहा आणि पराठ्यात चीज नि 'चिप्स ओमान' या इथल्या वेफर्सचा चुरा घालून केलेली गुंडाळी. ऐकायला भयंकर वाटतं, लागतं झकास. आपल्याकडे चहावाल्याला असा हॉर्न वाजवून बोलावलं तर काय ऐकून घ्यावं लागेल, याचा विचार मी दर वेळी करते.

आणि नेमकं याच दिवसांत चिपळूणहून, सासरहून, व्हिडिओ यायला लागतात. अंगणातल्या पागोळ्या, भरून वाहणारा व्हाळ, पत्र्यावरचा आवाज. सासूबाई रविवारी सकाळी दहाला फोन करतात, तेव्हा इथे साडेआठ वाजलेले असतात आणि त्यांचा मुलगा ऑफिसात, कारण आमची सुट्टी शुक्रवार-शनिवारची. (२०१३ पर्यंत ती गुरुवार-शुक्रवार होती. तेव्हाचे जुने लोक सांगतात की भारतातल्या सुट्टीशी त्यांची गाठच पडायची नाही.) म्हणून रविवारचा पाऊस माझ्या वाट्याला येतो. अशाच एका रविवारी मी त्यांना सांगितलं, की ऑगस्टात आम्ही सलालाला चाललोय, पाऊस बघायला, गाडीने, हजार किलोमीटर.

"पाऊस बघायला? अगं, मग इथे ये की! चार दिवस लाइट नाही, कपडे वाळत नाहीत, पिठाला जाळी लागली. हवा तेवढा घेऊन जा."

सलाला म्हणजे ओमानच्या दक्षिण टोकाचं, धोफार प्रांतातलं शहर. जूनमध्ये कोकणावर चालून येतो तोच नैर्ऋत्येचा वारा धोफारच्या किनाऱ्याला समांतर घासत जातो. त्याने समुद्राचं वरचं कोमट पाणी बाजूला सरतं आणि खालचं थंड पाणी वर येतं. त्या थंड पाण्यावरून येणारी दमट हवा धुकं होऊन किनाऱ्यामागच्या डोंगरांना अडते. वर वाळवंटातली तापलेली हवा झाकणासारखी बसलेली, त्यामुळे धुक्याला उंच चढून मोठा ढग व्हायला जागाच नाही. ते तिथेच तीन महिने रेंगाळतं आणि झिमझिमत राहतं. याला खरीफ म्हणतात. सरकारी हिशोबाने २१ जून ते २१ सप्टेंबर. सगळं आखात पंचेचाळीस अंशांत भाजत असताना हा चिंचोळा पट्टा पंचविशीत असतो. सौदी, कुवेत, कतार, अमिराती, सगळीकडच्या नंबरप्लेट तिथे दिसतात. २०२१ च्या अखेरीस सौदीतून रुब अल-खालीच्या वाळवंटातून थेट ओमानमध्ये येणारा रस्ता उघडला, तेव्हापासून सौदी गाड्यांना आणखी सोपं झालंय.

विमानाने दीड-पावणेदोन तासांत पोचता येतं. नवऱ्याचं म्हणणं तेच होतं. पण ९५ ऑक्टेनचं पेट्रोल तेव्हा इथे लिटरला २३९ बैसा होतं, म्हणजे आपले पन्नास-पंचावन्न रुपये, आणि एकदा हा रस्ता करायचाच असं माझ्या मनात होतं. पहाटे तीनला निघालो, कारण पुढच्या टप्प्यात अंधारात गाडी चालवायची नसते. रात्री उंट डांबरावर येऊन उभे राहतात. उंटाचे पाय लांब आणि धड उंचावर, त्यामुळे धडक बसली तर तो बॉनेटवर नाही, सरळ काचेवर येतो. डब्यात दशम्या, लसणाची चटणी, दही-पोहे नकोत असं ठरवूनही दही-पोहे.

निझवा, आदम, आणि मग काही नाही. खरंच काही नाही. वाळूच्या सुंदर टेकड्या वगैरे कॅलेंडरवरचं वाळवंट या रस्त्यावर दिसत नाही. खडीचं सपाट मैदान, पांढुरकं आकाश आणि सरळ रस्ता. क्षितिजावर ठिपका दिसतो, दहा मिनिटांनी तो ट्रक निघतो. अर्ध्या वाटेवर हैमा नावाचं गाव, पेट्रोल, मशीद, दोन-चार खानावळी. तिथल्या खानावळीत केरळचा आचारी, बांगलादेशी वाढपी आणि टेबलाशी आमच्यासारखीच सलालाला निघालेली ओमानी कुटुंबं. शेजारच्या आजोबांनी आम्हाला हिंदीत विचारलं, "मुंबई?" मस्कतकडच्या म्हाताऱ्या लोकांना हिंदी येणं नवलाचं नाही. १९७० पर्यंत इथे रुपया चालायचा, व्यापार सगळा मुंबईशी. मी म्हटलं, मुंबई नाही, त्याच्या खाली, कोकण. तिथे खूप पाऊस पडतो. त्यांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मग सलालाला कशाला चाललात?

थुमरैत गाव सोडेपर्यंत बाहेर चाळीसच्या वर होतं. मग रस्ता चढायला लागतो, डोंगर तसाच भाजका, पिवळा. कैरून हैरिती गावाच्या आसपास एका वळणापुढे रस्त्यावर पांढरं काहीतरी आडवं पडलेलं दिसलं. त्यात शिरलो आणि काच ओली झाली. वायपर लावले, एसी बंद केला, काचा खाली केल्या. गाडीतला आकडा चाळिशीतून उतरत उतरत पंचविशीवर आला, आणि धुक्यातून दोन्ही बाजूंना हिरवं दिसायला लागलं. ओल्या मातीचा वास आला. मी नवऱ्याकडे बघितलं नाही, कारण मला रडू येत होतं आणि त्याने त्यावरून वर्षभर चिडवलं असतं.

आता पावसाबद्दल. सलालाचा पाऊस हा आपल्या हिशोबाने पाऊसच नव्हे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, सलालात शे-सव्वाशेच्या आसपास. छत्री उघडली तर लोक हसतील अशी भुरभुर. डोंगरावरची झाडंच धुकं पानांवर धरतात आणि थेंबथेंब खाली सोडतात, त्यावर गवत वाढतं. पण तो पाऊस अनुभवणारी माणसं बघायला हवीत. रस्त्याच्या कडेला, अगदी चिखलात, चटया अंथरून कुटुंबंच्या कुटुंबं बसलेली. मधोमध कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणि खजूर. म्हातारे डोक्यावरचा मुसर काढून भिजताहेत. पोरं घसरगुंडी करून अंग माखून घेताहेत आणि कुणीही त्यांना ओरडत नाहीये. आम्ही कोकणातली माणसं आयुष्यभर पावसात फक्त पळत आलो, आडोसा शोधत. असं चटई टाकून पावसात बसणं आम्हाला सुचलंच नव्हतं. शेवटी आम्हीही बसलो. बाजूच्या चटईवरून कहवा आला, आमच्याकडून दशमी गेली. लसणाची चटणी त्यांना फार आवडली, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी.

खाली सलालाच्या सपाटीवर नारळ, केळी, पपई. रस्त्याच्या कडेला शहाळ्यांच्या टपऱ्या ओळीने. डोंगरावर गाई चरताना दिसतात, आणि अरबस्तानात हिरव्या उतारावर चरणारी गाय बघून मन जरा गोंधळतं. वादी दरबातला धबधबा, तळ्यात नावा, काठाला उंट आणि गाई शेजारी शेजारी. मुघसैलच्या किनाऱ्यावर खडकातल्या भोकांतून लाटेचं पाणी कारंज्यासारखं वर उसळतं. समुद्र इतका खवळलेला असतो की पाण्यात उतरायचं नावच नको. तिकडे रत्नागिरीत मिरकरवाड्याला याच दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यामागचा वाराही हाच.

खोर रोरीला सुमहुरम नावाच्या जुन्या बंदराचे अवशेष आहेत, लोबानाच्या व्यापाराचं बंदर. तिथे तमिळ-ब्राह्मी अक्षरं कोरलेला खापराचा तुकडा सापडलाय. म्हणजे या वाऱ्याचा अंदाज घेत ये-जा करणारे लोक दोन हजार वर्षांपूर्वीही होते, आणि त्यांना पेट्रोलही लागत नव्हतं. लोबानाचं झाड मात्र या हिरवाईत शोधू नका. उत्तम प्रतीचा, हिरवट पांढरा होजारी लोबान येतो डोंगरापलीकडच्या कोरड्या बाजूने, जिथे धुकं पोचत नाही. खोड खरवडतात, चीक येतो, वाळतो, मग काढून घेतात. बाजारात बायका समोर निखाऱ्यावर खडा टाकून वास दाखवतात, तेव्हा भाव करण्याची ताकदच उरत नाही. सासूबाईंसाठी अर्धा किलो घेतला, तिन्हीसांजेला घरात धूर करायला.

तक्रारीही आहेत. खरीफमध्ये हॉटेलांचे भाव डोळे पांढरे करतात. सलालाजवळच्या इत्तीनच्या चढावर वाहनांची रांग हलत नाही. दाट धुक्यात लोक हॅझार्ड लाइट लावून मधूनच थांबतात, फोटो काढायला. आणि गवतावर चिप्सच्या पिशव्या. या बाबतीत आखात आणि आंबोली यांच्यात डावं-उजवं करता येणार नाही.

जायचं असेल तर जुलैत नको, तेव्हा हिरवं पुरतं धरलेलं नसतं. ऑगस्टच्या शेवटाला, शाळा सुरू व्हायच्या सुमाराला गर्दी ओसरते आणि डोंगर भरलेले असतात. नवरा म्हणतो पुढच्या वेळी विमान. मी म्हणते विमानाने कैरून हैरितीचं ते वळण चुकतं, भाजलेल्या डोंगरातून एकदम ओल्यात शिरायचं. त्यावर तो परतीच्या प्रवासाची आठवण करून देतो. तेच वळण उलटं, पंचविशीतून चाळिशीत, आणि पुढे हजार किलोमीटर खडी. याला माझ्याकडे उत्तर नाही.