कंदी, पाळणा आणि कपाटाचा माथा

कंदी आमच्याकडे आला तेव्हा तळहातावर मावत होता. रंग साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा, खरपूस भाजलेला. माझं माहेर साताऱ्याचं, त्यामुळे नाव शोधावं लागलं नाही. चार वर्षांनी मला दिवस राहिले तेव्हा त्याचा पाच किलोचा बोका झाला होता, आणि पुण्यातल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये त्याच्या लेखी आम्ही नवरा-बायको भाडेकरू होतो.

पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी घरात कुणी प्राणी आहे का विचारलं. मी मांजर म्हटल्यावर कागदावरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "देऊन टाका कुणाला तरी." मी रिक्षात रडत घरी आले. आता वाटतं, रडण्याऐवजी तिथेच 'का?' असं विचारायला हवं होतं. ते मी आठवड्याने दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं.

भीती टोक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची होती. मांजराच्या विष्ठेतून तो पसरू शकतो, आणि गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला इजा होऊ शकते. रक्ततपासणीत या जंतूविरुद्धची माझी प्रतिपिंडं, म्हणजे आयजीजी आणि आयजीएम, दोन्ही निगेटिव्ह आली. मी खूश झाले, तर डॉक्टर म्हणाल्या, "याचा अर्थ तुम्हाला आजवर लागण झालेली नाही. म्हणजे संरक्षणही नाही. जपायला हवं." आणि मग त्यांनी नीट समजावलं. मांजर हे जंतू बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे बाहेर टाकतं. ताज्या विष्ठेतले जंतू लगेच लागत नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस जातात. म्हणून लिटर, म्हणजे मांजराच्या शौचाच्या डब्यातली वाळू, रोजच्या रोज काढायचं, आणि ते मी नाही, नवऱ्याने. कंदी घराबाहेर जात नाही, उंदीर मारत नाही, कच्चं मांस खात नाही, म्हणजे त्याच्याकडून धोका फारच कमी. उलट अर्धकच्चं मटण, न धुतलेली कोथिंबीर आणि कुंड्यांमधली माती यांना जपा, असं त्यांनी बजावलं. मी चार वर्षं बाल्कनीत हातमोजे न घालता माती उकरत होते. त्याबद्दल आजवर कुणी मला काही देऊन टाकायला सांगितलं नव्हतं!

नवऱ्याने लिटरचं काम घेतलं. पहिले चार दिवस नाकाला रुमाल बांधून, मग बिनरुमालाचं, आणि सातव्या महिन्यापर्यंत त्यात त्याला इतकी गती आली की पाहुण्यांना तो चांगलं लिटर कसं ओळखायचं ते सांगायला लागला.

मी रात्री जागून मांजर आणि बाळ या विषयावर मिळेल ते वाचलं. सगळीकडे सल्ला एकच: बाळाची खोली दोन-तीन महिने आधी लावा, पाळणा मांडा, मांजराला सवय होऊ द्या. आता हे आमच्या घरात कसं जमायचं? बाळ हातात येईपर्यंत बाळाची एक वस्तू घरात आणायची नाही, हा सासूबाईंचा नियम. रिकामा पाळणा तर हलवायचासुद्धा नाही. मी या गोष्टी मानत नाही, पण आठव्या महिन्यात अशा गोष्टींवर भांडायचं बळही नसतं. शेवटी मधली वाट निघाली. नवं काही आणायचं नाही, पण जुनं चालतं. बाळाला पहिले कपडे जुनेच घालायचे असतात ना! मग नणंदेच्या मुलाची दुपटी आली, आजीच्या नऊवारीची गोधडी आली, आणि पाळणा माळ्यावरच राहिला.

एक काम मात्र आधीच करणं भाग होतं. कंदीचा लिटर बॉक्स लहान बेडरूममध्ये होता, आणि पुढे तीच बाळाची खोली होणार होती. तो एकदम उचलून ड्राय बाल्कनीत नेला तर मांजर जुन्याच जागी जाऊन बसतं, म्हणून आम्ही रोज वीतभर सरकवला. खोलीतून पॅसेज, पॅसेजमधून स्वयंपाकघराचं दार, तिथून बाल्कनी. जवळजवळ दोन महिने लागले. मध्ये काही दिवस तो बॉक्स बरोबर फ्रिजसमोर होता आणि आम्ही दूध काढताना त्याला वळसा घालून जात होतो. लोक हसले. पण एकदाही कंदी चुकला नाही.

त्याच वेळी लसी उरकल्या: रेबीजची आणि मांजरांची नेहमीची एकत्रित लस. जंताचं औषधही दिलं. नखं दर पंधरा दिवसांनी कापायची ठरली. लहान बेडरूमला आम्ही मच्छरजाळीचं दार बसवून घेतलं. डासांसाठी नव्हे, कंदीसाठी. दार लावलं तरी त्याला आतलं दिसावं, वास यावा, पण आत येता येऊ नये. सुताराला सांगून स्टीलची जाळी लावली, कारण नायलॉनची जाळी नखांपुढे आठवडाभरही टिकली नसती. या सगळ्या तयारीत पैसे वसूल झाले ते या दाराचे.

सासूबाईंचं मन वळवणं अवघड होतं. केस पोटात जातील, बाळाला दमा होईल, मांजर उडी मारेल. त्यांना मी कागद दाखवून काही फायदा नव्हता. काम केलं शेजारच्या बंगाली काकूंनी. त्या एकदा सहज म्हणाल्या की त्यांच्याकडे बाळाची राखण करणारी षष्ठीदेवी मांजरावर बसून येते, म्हणून लेकुरवाळ्या घरात मांजराला कुणी हात लावत नाही. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग मला म्हणाल्या, "षष्ठी म्हणजे आपली सटवाईच की गं." त्या दिवसापासून कंदीला दुधाची साय मिळायला लागली. (मांजराला दूध फारसं पचत नाही हे मी सांगितलं नाही. एवढं यश मिळाल्यावर कोण बोलणार?)

पहिलं बाळंतपण माहेरी. सगळ्या इंग्रजी सल्ल्यांत गृहीत धरलेलं असतं की आई दोन दिवसांत दवाखान्यातून थेट मांजराकडे येणार. मी साताऱ्याला गेले ती अडीच महिन्यांनी परतले. म्हणजे कंदीच्या बाजूने पाहिलं तर मी आधी नाहीशी झाले आणि मग एक ओरडणारं गाठोडं घेऊन उगवले. याचा विचार आम्ही आधी केला होता, आणि त्यावर उपाय म्हणून नवऱ्याची एसटी कामाला आली.

लेक झाली. लोक मुलगी झाली की बर्फी वाटतात, आम्ही कंदी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी नवरा पुण्याला परतला तेव्हा त्याच्या बॅगेत तिचं न धुतलेलं टोपरं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केलेलं. ते त्याने हॉलमध्ये जमिनीवर ठेवलं आणि मला फोनवर दाखवत राहिला. कंदी आला, हुंगलं, आणि तोंड अर्धवट उघडून कुणीतरी अपमान केल्यासारखा चेहरा करून बसला. मांजरांच्या टाळूत वास चाखायचं एक वेगळं इंद्रिय असतं, तो त्याचा चेहरा. मग निघून गेला. पुढे दर शनिवारी नवरा स्वारगेटहून साताऱ्याला यायचा आणि रविवारी एक मळका लंगोट किंवा दुपटं घेऊन खंबाटकी उतरायचा. शेजारच्या सीटवरच्या माणसाला हे कळलं असतं तर त्याने जागा बदलली असती. ते कापड आधी कंदीच्या जेवणाच्या वाटीपासून लांब, मग रोज थोडं जवळ. तिसऱ्या आठवड्यात तो त्यावर पाय दुमडून झोपलेला फोटो आला.

रडण्याचं रेकॉर्डिंगही मी पाठवत होते. सुरुवातीला अगदी बारीक आवाजात, सोबत उकडलेल्या चिकनचे तुकडे, मग हळूहळू आवाज वाढवत. आमची भीती फुकट गेली. कुकरच्या शिट्ट्यांत वाढलेला बोका तो. दहाव्या दिवशी रडणं सुरू झालं की तो धावत येऊन फोनसमोर चिकनसाठी बसायचा. त्यामुळे पुढे लेक खरोखर रडली की कंदी आशेने स्वयंपाकघराकडे बघतो, ही सवय आमचीच देणगी.

परतण्याच्या दिवसासाठी माझा आराखडा तयार होता. मी रिकाम्या हाताने आधी आत जाणार, त्याला भेटणार, बाळ आईच्या हातात मागे राहणार. घडलं असं की दारात सासूबाई औक्षणाचं ताट आणि भाकरतुकडा घेऊन उभ्या, मागे नणंद, शेजारच्या काकू, त्यांची नात, आणि दार सताड उघडं. कंदीला खोलीत बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तो एकदा माणसांकडे, एकदा भाकरतुकड्याकडे बघून दिवाणाखाली गेला तो रात्री दहाला बाहेर आला. मी जमिनीवर बसून हात पुढे केला. त्याने माझं बोट हुंगलं आणि पाठ फिरवून बसला. दोन दिवस तो मला फक्त पाठच दाखवत होता. खरं सांगते, टाक्यांपेक्षा ते जास्त लागलं.

बाळाची आणि त्याची भेट मात्र निवांत झाली. जाळीच्या दाराबाहेर तो बसायचा, आत मी लेकीला पाजायचे. चार-पाच दिवसांनी नवरा शेजारी बसलेला असताना दार उघडलं. कंदी आला, तिच्या पायाचा वास घेतला, तिने लाथ झाडली, तो मागे सरकला, आणि संपलं. आठवडे घालवून ज्याची तयारी केली तो प्रसंग अर्ध्या मिनिटात उरकला.

आणि मग आठव्या दिवशी त्याने आजीच्या गोधडीवर मुतलं.

दुसऱ्या दिवशी दुपट्यांच्या गठ्ठ्यावर. घरात एकच निष्कर्ष निघाला: जळतोय. मलाही तेच वाटलं. व्हेटना फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लघवी होतेय ना? की नुसता कुंथतोय?" बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती अडली आणि लघवीच होईना तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं, म्हणून आधी ते बघायचं, जळणं वगैरे नंतर. कॅरियरमध्ये घालून नेलं. लघवी तपासली, सोनोग्राफी केली. खडा नव्हता, अडथळा नव्हता. मूत्राशयाला थोडी सूज होती. ताण आला की मांजरांना असं होतं, असं ते म्हणाले. मग वहीत लिहायला लावलं: गेल्या महिन्यात घरात काय काय बदललं?

आम्ही बाळ लिहिलं आणि थांबलो. ते म्हणाले, अजून. मग निघत गेलं. संध्याकाळची ओव्याची धुरी. तिचा वास आला की तो पळून जायचा, हे आमच्या लक्षात होतं पण मनावर घेतलं नव्हतं. रोजचे पाहुणे. नवरा रोज रात्री काठीला दोरी बांधून त्याच्याशी खेळायचा, ते बंद पडलेलं. सकाळी सातचं जेवण कधी आठला, कधी नऊला. आणि सर्वांत शेवटी नवऱ्याने सांगितलेलं, "मोठ्या बेडरूमच्या कपाटावर आपण डायपरचे खोके ठेवलेत." कंदीची दुपारची जागा तीच होती. चार वर्षं तो त्या कपाटाच्या माथ्यावर झोपत आला होता, आणि आम्ही तिथे डिंकाच्या लाडवांचे डबे आणि डायपर रचून मोकळे झालो होतो. घरात एवढी गर्दी वाढलेली, आणि वर चढून बसायची एकुलती एक जागा आम्ही भरून टाकलेली.

त्याच संध्याकाळी खोके खाली उतरवले. दुसरा लिटर बॉक्स हॉलच्या कोपऱ्यात आला. धुरीच्या वेळी त्याला मोठ्या खोलीत ठेवायचं ठरलं. पाहुण्यांची वेळ पाच ते सात. हे सांगायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आणि कारण सांगितलं बाळाच्या झोपेचं. गोधडी एन्झाइमच्या क्लीनरने धुतली, कारण साध्या साबणाने आपल्या नाकाला वास जातो, त्याच्या नाकाला राहतो. अमोनियाचा वास असलेलं तर काहीच वापरायचं नाही, त्याला ती लघवीच वाटते. रात्री नऊला दहा मिनिटं दोरीचा खेळ परत सुरू झाला. नवरा पेंगत खेळायचा, पण खेळायचा.

त्यानंतर त्याने पुन्हा एकदाच केलं, तेही लग्नाच्या बोलावण्याला नऊ माणसं एकदम आली त्या दिवशी. तेव्हा मला त्याचं म्हणणं पटलं होतं.

पाळणा शेवटी माळ्यावरून उतरला. मांजर त्यात चढू नये म्हणून चिकट टेप, ॲल्युमिनियमची फॉइल, सगळं वाचून ठेवलं होतं. कंदीने एकदाच उडी मारली, पाळणा हलला, तो बिचकून उतरला आणि परत त्या वाटेला गेला नाही. बाळाच्या छत्रीसारख्या मच्छरदाणीचं मात्र त्याने दोनदा अंथरूण केलं. लेक आत नव्हती म्हणून हसता आलं. तेव्हापासून ती झोपलेली असताना जाळीचं दार लावलेलंच असतं, कितीही गरीब मांजर असलं तरी.

लेक आता नऊ महिन्यांची आहे आणि रांगते. कंदीची शेपूट हा तिच्या आयुष्याचा सध्याचा विषय आहे. तो ओढून घेतो, कपाटावर जातो, आणि वरून बघत बसतो. काल मात्र ती त्याच्या वाटीपर्यंत पोचली आणि कोरड्या खाण्याचे दोन दाणे तिच्या तोंडातून मला बोटाने काढावे लागले. वाटी आता वॉशिंग मशीनवर गेली आहे. या वेळी वीतभर सरकवायला सवड मिळाली नाही.